निखळलेला खुबा आणि दोन वर्षांचा हिशेब

(वर्तकनगर, ठाणे येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी कामगार चळवळीतील चार आठवणी सांगाव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटले, मला खुब्याच्या हाडावर बोलावयाचे आहे. ते जरा थबकले, मग हसून म्हणाले, ‘भाऊ, विषय तुमचा, श्रोते आमचे.’ या व्यासपीठावर संतवाङ्मयाचे अभ्यासक येतात, अर्थशास्त्रज्ञ येतात. मांडीचे हाड घेऊन येणारा बहुधा मीच पहिला असेन. मी डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली, ती सुटलीच. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वागळे इस्टेटमध्ये फिटरच्या हाताखाली, संघटनेच्या कचेरीत, आणि १८९३ साली स्थापन झालेल्या आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात. शरीराविषयी जे सांगेन ते डॉक्टरांना विचारून आणि वाचून घेतलेले आहे. माणसाविषयी जे सांगेन ते भोगलेले आणि पाहिलेले आहे. आणि त्यात एक माझी स्वतःची चूक आहे. ती कबूल करण्यासाठीच, खरे म्हणजे, मी हा विषय मागून घेतला.

प्रथम हा खुबा म्हणजे काय, ते पाहू. कमरेच्या हाडाला दोन्ही बाजूंस एकेक खोल खोबण असते आणि मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. तो गोळा या खोबणीत उखळात मुसळ बसावे तसा बसलेला असतो. भोवती जाड बंध, त्यांवर शरीरातील सर्वांत दणकट स्नायू. खांदा सहज निखळतो. खुबा सहज निखळत नाही. तो निखळायचा तर मोठा आघात लागतो. मोटार अपघातात पुढच्या आसनावर बसलेल्याचा वाकलेला गुडघा समोरच्या पत्र्यावर आदळतो, सारा धक्का मांडीच्या हाडातून मागे जातो आणि गोळा खोबणीच्या मागच्या बाजूने बाहेर पडतो. दहांपैकी सुमारे नऊ खुबे असे मागेच निखळतात. उंचावरून पडल्याने, वाकून बसलेल्या माणसाच्या पाठीवर ओझे कोसळल्यानेही हे होते. आपल्या वर्तकनगरात दहीहंडीचे थर लागतात. २०२५ साली तर येथे दहा थर लागले आणि साऱ्या महाराष्ट्राने ते पाहिले. तेव्हा ही गोष्ट केवळ कारखान्यातील माणसांची आहे, असे येथील तरुणांनी समजू नये.

माझा खुबा निखळला तो २०१८ च्या पावसाळ्यात. भिवंडीकडे गोदामांतील कामगारांची सभा होती. वाहन वेळेवर मिळेना, म्हणून एका ओळखीच्या टेंपोत पुढे बसलो. रस्त्यात एक कंटेनर दिवे न लावता उभा होता. पुढचे सांगावयास नको. डावा गुडघा समोर आदळला आणि मी बाहेर काढला गेलो, तेव्हा माझा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता, गुडघ्यात वाकलेला होता आणि पाऊल आतल्या बाजूस वळले होते. ही खूण ध्यानात ठेवा: आखूड, वाकलेला आणि आत वळलेला पाय. अशा माणसाचा पाय कोणी ओढू नये, चोळू नये, हाडवैद्याकडे नेऊ नये. त्याला आहे तसा उचलून, एक्स-रेची आणि भूल देण्याची सोय असलेल्या इस्पितळात न्यावे, आणि घड्याळाकडे पाहावे.

घड्याळाकडे का? या गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या त्याच्या मानेभोवतून बारीक वेलीसारख्या वर चढतात. गोळा जागा सोडतो तेव्हा त्या ताणल्या जातात, पिळल्या जातात, काही तुटतात. गोळा जितका वेळ बाहेर, तितकी हाडाची उपासमार. म्हणून डॉक्टर सहा तासांची मर्यादा मानतात. डेन्मार्कमधील डॉक्टरांनी १९८० च्या दशकात अशा रुग्णांची पुढे अनेक वर्षे पाहणी केली. सहा तासांच्या आत बसविलेल्या खुब्यांत हाड मरण्याचे प्रमाण शेकडा पाचांच्या आसपास निघाले. उशीर झालेल्यांत ते निम्म्याच्या घरात गेले. मला आधी ज्या दवाखान्यात नेले तेथे ‘मुका मार आहे’ म्हणून एक इंजेक्शन देऊन बाकावर निजविले होते. संध्याकाळी सातला अपघात झाला. खरा खुबा बसला तो रात्री साडेबाराला, दुसऱ्या ठिकाणी, भूल देऊन. एकाने कंबर दाबून धरली आणि डॉक्टरांनी पलंगावर चढून वाकलेला पाय वर ओढला, असे मला नंतर सांगण्यात आले. साडेपाच तास! अर्ध्या तासाच्या फरकाने मी या बाजूला राहिलो.

सकाळी शुद्धीवर आलो तेव्हा पाय सरळ होता, लांबी सारखी होती. भेटावयास आलेले सारे म्हणाले, ‘बसला ना खुबा? मग झाले!’ मीही म्हटले, झाले. मित्रहो, आजच्या माझ्या सर्व बोलण्याचे सार एवढेच आहे की, तेथे काहीच झालेले नसते. खुबा एका तासात बसतो. माणूस उभा राहावयास दोन वर्षे लागतात. आणि आपण सारे, घरचे, मालक, मुकादम, संघटना आणि रुग्ण स्वतः, त्या एका तासाचा हिशेब ठेवतो आणि दोन वर्षांचा ठेवीत नाही.

ही दोन वर्षे कशी जातात, ते सांगतो. पहिला प्रश्न पावलाचा. खुब्याच्या मागून पायाची मोठी नस जाते. गोळा मागे निसटतो तेव्हा तिला मार बसतो. दहांपैकी साधारण एकाला असे होते. त्या दहांतला एक मी. मला डावे पाऊल घोट्यातून वर उचलता येईना. नस पुन्हा वाढते ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. कुल्ल्यापासून पायाच्या नळीपर्यंत किती इंच आहेत, ते आपल्या वितीने मोजून पाहा, म्हणजे महिन्यांचा हिशेब आपोआप कळेल. पाऊल उचलून धरणारी प्लॅस्टिकची पट्टी मी नऊ महिने बुटात घातली. एके दिवशी सकाळी अंगठा तीळभर वर हलला. तो दिवस मला बोनसच्या करारापेक्षाही मोठा वाटला. सर्वांची नस अशी परत येतेच असे नाही; काहींची अर्धीच येते.

दुसरा प्रश्न घरात राहण्याचा. मागे निखळलेला खुबा पुन्हा मागे निसटू नये म्हणून डॉक्टर सांगतात: मांडी काटकोनापेक्षा जास्त वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, पाय आत वळवू नका. मला सहा आठवडे सांगितले होते. कोणाला अधिकही सांगतात. आता सांगा, आपले घर कशावर चालते? आपण जेवतो मांडी घालून, भाजी चिरतो उकिडवे बसून, शौचास जातो उकिडवे, देवाला नमस्कार करतो वाकून. म्हणजे जे जे वर्ज्य, ते ते आपले रोजचे जीवन! इंग्रजी पुस्तकांतील सूचना खुर्ची-टेबलाच्या घरासाठी लिहिलेल्या असतात. आमच्या म्हाडाच्या खोलीत त्या कशा बसवावयाच्या? माझ्या पत्नीने चार ठिकाणी विटा लावून पलंग उंच केला, संडासात ठेवण्याची खुर्ची आणली, आणि पोळपाट ज्या ओट्यावर असे तेथे माझे ताट मांडले. दीड महिना मी उभ्याने अगर उंच स्टुलावर जेवलो. येथे भगिनी बसल्या आहेत, त्यांना मी विचारतो: हाच खुबा घरातील बाईचा निखळला तर? तिला लादी पुसण्यापासून रजा कोण देणार? नवऱ्याचा पलंग उंच करणारे हात पुष्कळ आहेत. बाईचा पलंग उंच करणारे हात अजून व्हावयाचे आहेत.

तिसरा प्रश्न काठीचा, आणि हा तर आपल्या धंद्यातला आहे, कारण यात तरफेचा नियम आहे. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा खुब्यावर केवळ शरीराचे वजन पडत नाही. शरीर दुसऱ्या बाजूस कलू पाहते. त्याला तोलून धरण्यासाठी कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ओढ घेतात. खुबा हा टेकू. शरीराच्या वजनाचा दांडा लांब, स्नायूंचा दांडा आखूड; म्हणून स्नायूंना दुपटीहून अधिक ओढ घ्यावी लागते. ती ओढ आणि वजन मिळून, साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला दीडशे ते एकशेऐंशी किलोचा भार येतो. ज्याने पहारीने दगड उलथला आहे त्याला हे चटकन कळेल. आता काठी दुखऱ्या पायाच्या बाजूस धरली तर तिचा दांडा आखूड, लाभ थोडा. ती विरुद्ध हातात धरली की दांडा लांब होतो, आणि काठीवर टाकलेले थोडेसे वजन खुब्यावरचा भार त्याच्या कितीतरी पट हलका करते. डावा खुबा दुखरा, तर काठी उजव्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सिनेमात लंगडा माणूस बहुधा चुकीच्या हातात काठी धरतो. तेथून आपण शिकू नये.

कुबड्या किती दिवस, वजन किती टाकावे, याबद्दल डॉक्टरांतही एकमत नाही. खोबणीचा काठ मोडला आहे की नाही, आत हाडाचा तुकडा अडकला आहे की काय, यावर ते ठरते. पण व्यायामाविषयी कोणाचे दुमत नाही. आधी निजल्या निजल्या मांडीचे स्नायू आवळणे, मग कुशीवर निजून पाय वर उचलणे, मग उभ्याने, मग सायकल अगर पाण्यात चालणे. कंटाळवाणे काम! कानशीने लोखंड घासण्यासारखे; रोज पाहिले तर काहीच कमी झालेले दिसत नाही. परंतु बाजूचे ते स्नायू दुबळे राहिले तर माणूस आयुष्यभर झुकत चालतो आणि मग त्याची कंबर धरते. ही विद्या शिकविणाऱ्या संस्था आपल्याजवळ आहेत. हाजी अलीला १९५५ सालापासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. दुर्दैव असे की, प्लॅस्टर आणि शस्त्रक्रिया यांवर आम्ही कर्ज काढून खर्च करतो आणि व्यायाम शिकविणाऱ्याचे पैसे मात्र आम्हाला उधळपट्टी वाटतात.

आता चौथ्या आणि सर्वांत फसव्या प्रश्नाकडे येतो, आणि तेथेच माझ्या चुकीची गोष्ट आहे.

खुबा वेळेवर बसला, माणूस काठी टाकून चालू लागला, तरी त्या गोळ्याच्या आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. रक्त तुटलेले हाड एकदम कोसळत नाही. ते महिनोन्‌महिने तसेच उभे असते. जशी आतून वाळवी लागलेली तुळई उभी असते. मग एक दिवस ती वजनाखाली खचते. बहुतेक वेळा हे दोन वर्षांच्या आत कळून येते, क्वचित त्यानंतरही. साध्या एक्स-रेत ते उशिरा दिसते, एमआरआयमध्ये लवकर. आणि दुखणे? ते खुब्यावर हात ठेवावा तेथे दुखत नाही. जांघेत दुखते, आणि पुष्कळदा गुडघ्यात! माणूस गुडघ्याला तेल चोळीत बसतो आणि वर हाड ढासळत असते.

२०११ साली आमच्या संघटनेच्या क्षेत्रातील एका कारखान्यात सव्वीस वर्षांचा एक कंत्राटी कामगार होता. कारखान्याचे नाव सांगत नाही, कामगाराचेही नाही; त्याच्या परवानगीने ही हकीकत सांगतो आहे. उकिडवा बसून तो यंत्राखालचा पट्टा पाहत होता, आणि वरून कागदाचे रीळ त्याच्या पाठीवर आले. खुबा निखळला. सोबत्यांनी धावपळ करून त्याला नेले आणि चार तासांच्या आत तो बसविला गेला. तोपर्यंत सारे ठीक झाले. कंत्राटदाराने त्याची विम्यात नोंदच केलेली नव्हती. तीन आठवड्यांनी निरोप आला की, लवकर हजर न झाल्यास दुसरा माणूस घेऊ. मी वाटाघाटीस गेलो. दोन तास भांडलो. ठरले ते असे: सहाव्या आठवड्यानंतर त्याला कामावर घ्यावे, सुरुवातीस हलके काम द्यावे आणि औषधपाण्यासाठी एक रक्कम द्यावी. फिट असल्याचा दाखला मीच खटपट करून मिळविला. फाटकावर सभा झाली. त्या पोराने मला हार घातला आणि मी तो घालून घेतला.

हलके काम पंधरा दिवस टिकले. पुढे बारा तासांची उभी पाळी. मी करारात कामाची जागा लिहून घेतली होती, पैसे लिहून घेतले होते. पण पुन्हा तपासणीस जाण्यासाठी पगारी रजा, हा शब्द माझ्या डोक्यातच आला नव्हता. तपासणीस जाणे म्हणजे एक दिवसाचा रोज बुडणे. तो गेला नाही. दहाव्या महिन्यापासून त्याचा गुडघा दुखू लागला. मला भेटला तेव्हा लंगडत होता. मी विचारले, ‘काय रे?’ तो म्हणाला, ‘काही नाही भाऊ, गुडघा जरा धरलाय.’ आणि मी पुढे गेलो. मला मोर्चाची तयारी करावयाची होती. दीड वर्षाने गोळा खचला. तेव्हा तो अठ्ठाविसाव्या वर्षात होता. गावाकडची जमीन गहाण पडली आणि खुबा बदलावा लागला.

डॉक्टरांना मी नंतर विचारले, ‘लवकर कामावर गेल्यामुळेच हे झाले काय?’ त्यांनी मला सोयीचे उत्तर दिले नाही. ते म्हणाले, हाडाचे रक्त तुटावयाचे ते अपघाताच्या दिवशीच बहुधा तुटले असेल. कामामुळेच झाले असे मी म्हणणार नाही. मात्र गोळा खचण्यापूर्वी कळले असते तर भार कमी करता आला असता, हाडाला भोके पाडून आतला दाब उतरविण्याची शस्त्रक्रिया करून पाहता आली असती. कदाचित तो वाचला असता, कदाचित नाही. मित्रहो, या ‘कदाचित’चे ओझे मी चौदा-पंधरा वर्षे वाहतो आहे. मालकाने त्याला कामावर बोलाविले, यात नवल नाही. नवल हे की, त्याला परत पाठविणारा मी होतो आणि त्याला मी विजय म्हटले.

२०१८ साली मी स्वतः आडवा पडलो तेव्हा तो मला पाहावयास आला. हातात त्याची जुनी काठी होती. मी ती डाव्या हातात घेऊन उठू लागलो, तर म्हणाला, ‘भाऊ, उजव्या हातात धरा.’ मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, ‘आणि तपासणीची तारीख चुकवू नका. मी येईन बरोबर.’ सहाव्या आठवड्यात, तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, वर्षाने आणि दोन वर्षांनी तो माझ्याबरोबर आला. प्रत्येक वेळी त्याचा अर्धा दिवस बुडाला. माझा गोळा जगला. सांध्यात झीज सुरू झाली आहे, थंडीत तो कुरकुरतो. साध्या निखळण्यातही पाचांतील साधारण एकाला पुढे झीज होतेच. पण मी जिना चढतो आणि आज तासभर आपल्यापुढे उभा आहे.

या दोन वर्षांचा हिशेब मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. अमेरिकेत बो जॅक्सन नावाचा खेळाडू होता. तो तिकडचे फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळ अव्वल दर्जाने खेळे. जानेवारी १९९१ मध्ये फुटबॉलच्या सामन्यात त्याचा खुबा निखळला. पुढे त्या हाडाचा रक्तपुरवठा गेला, १९९२ साली खुबा बदलावा लागला. १९९३ साली तो कृत्रिम खुब्यानिशी बेसबॉलमध्ये परतला आणि साऱ्या देशाने टाळ्या वाजविल्या. फुटबॉल मात्र कायमचे सुटले. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये तुआ टागोवाईलोआ या विद्यार्थी-खेळाडूचा खुबा तसाच निखळला, खोबणीचा काठही मोडला. त्याचा गोळा तातडीने बसविण्यात आला, दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने पाळत ठेवली गेली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तो धंदेवाईक सामन्यात उतरला. दोघांच्या दुखापती तंतोतंत सारख्या नसतील. पण त्याच्यामागे वेळ, पैसा आणि पाळत उभी होती, हे निश्चित. वागळे इस्टेटच्या पोरामागे काय उभे होते? मी, आणि माझा हार.

आणि तो कृत्रिम खुबा तरी कोणी केला? इंग्लंडमधील राइटिंग्टन इस्पितळात जॉन चार्न्ली या सर्जनने नोव्हेंबर १९६२ मध्ये आजच्या धर्तीचा खुबा बसविण्यास प्रारंभ केला. त्याआधी त्यांनी टेफ्लॉनची खोबण वापरली होती. ती काही वर्षांत झिजून रुग्णांना पुन्हा यातना झाल्या. मग त्यांच्या कार्यशाळेतील हॅरी क्रेव्हन या कारागिराच्या हाती पॉलिथिलीनच्या एका जातीचा तुकडा आला. ते द्रव्य लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरात होते. चार्न्लींना प्रथम ते पसंत पडले नाही. क्रेव्हनने ते आपल्या झीज मोजण्याच्या यंत्रावर लावून पाहिले, आणि ते जवळजवळ झिजेचना! सर्जनने आपले मत बदलले. त्या खोबणीने पुढे जगभर असंख्य माणसे चालती केली. पोखरण रस्त्यावरील गिरणीचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, मागाच्या चाकातले ज्ञान माणसाच्या खुब्यात गेले, आणि ते नेणारा एक कारागीर होता.

आता हक्काची गोष्ट. नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्यातच १८४८ साली जन्मले. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. तेव्हाही लोक म्हणत असतील, पगार वाढवून घ्या, सुटी कशाला? लोखंडे यांना कळले होते की, विसावा ही मेहेरबानी नव्हे, तो मजुरीचाच भाग आहे. हाड भरून येण्यास लागणारा काळ, हा त्याच विसाव्याचा पुढचा हप्ता आहे.

कायदा थोडा पुढे आलेला आहे. १९२३ च्या कायद्याने कामावरील अपघाताची भरपाई मालकावर टाकली. १९४८ च्या कायद्याने कामगार विमा आणला. विमा असलेल्या कामगाराला कामावरील अपघातानंतर, तो असमर्थ असेपर्यंत सरासरी रोजाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळण्याची सोय झाली. २०१० च्या दुरुस्तीने घर ते कारखाना या वाटेवरील अपघातही, कामाशी त्याचा संबंध जुळत असेल तर, कामावरचा मानला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले. वाटेवरील अपघाताचे तत्त्व तीतही ठेवलेले आहे. अपंगत्व आल्यास सरकारी नोकराला कामावरून काढता येत नाही, त्याचा दर्जा उतरविता येत नाही, असे २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा सांगतो. खाजगी कारखान्यातील माणसाला मात्र हे संरक्षण तसे नाही. आणि ज्याची नोंदच नाही, त्या कंत्राटी पोराला यांतले काय मिळते, ते मी सांगितलेच आहे. म्हणून पहिले काम नोंदीचे. अपघात झाल्या दिवशी तो नोंदवहीत लिहून घ्या. वेळ लिहा, साक्षीदार लिहा, इस्पितळाचा प्रत्येक कागद जपून ठेवा. दोन वर्षांनी खुबा दुखू लागला, तर तोच कागद बोलणार आहे.

गेल्या काही वर्षांत आम्ही तीन लहान कारखान्यांच्या करारांत एक कलम घालून घेतले आहे. मोठा सांधा निखळला अगर मोडला, तर डॉक्टर सांगतील त्या क्रमाने काम वाढवावयाचे. हलके काम म्हणजे काय, ते शब्दांत लिहावयाचे. आणि दोन वर्षांपर्यंत तपासणीचे दिवस पगारी. मालकांनी फार खळखळ केली नाही. वर्षाकाठी चार-पाच दिवसांचा तो प्रश्न आहे. इतकी लहान गोष्ट मागण्यास आम्हाला इतकी वर्षे लागली, कारण आम्ही ती मागितलीच नव्हती! पगार, बोनस, महागाई यांची भाषा आमच्या तोंडात बसली होती. हाडाची भाषा आम्हाला येत नव्हती.

आपणांपैकी पुष्कळांचा कारखान्याशी संबंध नसेल. तरी प्रत्येकाच्या इमारतीत, नात्यात, कोणीतरी असा पडून उठलेला असतो. त्याला ‘आता बरा झालास ना?’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला तो भिडेखातर ‘हो’च म्हणतो. त्याला विचारा, ‘पुढची तपासणी कधी आहे? जांघेत दुखते का? गुडघ्यात दुखते का? मी बरोबर येऊ का?’ हे चार प्रश्न मी २०१२ साली एका लंगडणाऱ्या पोराला विचारले असते तर, असे मला अजून रात्री वाटते.

तो आज या सभेत आहे की नाही, हे मी सांगणार नाही. त्याला हार-तुरे आवडेनासे झाले आहेत, आणि मलाही.